पांढरा रंग आणि मेलेली सहा रोपं: आमच्या बाजूने

नमस्कार ताई,

तुम्ही पाचांत दोन तारे दिलेत. त्यातला एक चुकून जास्त पडला असावा, असं आमच्या घरात बोलणं झालं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. मेअखेरीस फोंड्याच्या आमच्या नर्सरीतून डस्टी मिलरची, म्हणजे पांढरट पानांच्या शोभेच्या झाडाची, सहा रोपं नेलीत आणि बलकांवच्या (घरापुढच्या ओसरीच्या) कठड्यावर चिनी मातीच्या कुंड्यांत लावलीत. जूनमध्ये पानांचा पांढरा रंग ‘उतरला’ आणि चवथीआधीच सगळी बुडातून काळी पडून कोलमडली. तक्रार घेऊन आलात तर काउंटरवरच्या मुलाने ‘झाडाला गॅरंटी नसते’ म्हणून वाटेला लावलं. वर लिहिलंत, इथे रंग मारून झाडं विकतात.

शेवटचं आधी घेतो, कारण तेच लागलं. रंग फवारलेली निवडुंगं बाजारात दिसतात, तेव्हा शंका येणारच. पण डस्टी मिलरचं पान मुळात हिरवंच. त्यावर पांढऱ्या केसांची दाट लव असते. ती ऊन परतवते आणि पानातली ओल राखते. नखाने खरवडा, खालचं हिरवं दिसेल. हीच लव भिजली की पावसात भिजलेल्या धोतरासारखी होते, आतलं सगळं दिसतं. पुढे ढगाळ दिवसांत नवी पानं येतात तीही कमी लवेची. त्यात तुम्ही महिन्यातून दोनदा युरिया घातलात. पाला भराभर वाढला, पण हिरवा आणि लुसलुशीत.

आता आमची चूक. ‘समुद्रकाठचं झाड, गोव्यात उत्तम’ ही पाटी मीच लिहिली होती. शास्त्रीय नावात ‘मारिटिमा’ आहे, म्हणजे समुद्राजवळचं, आणि मी त्याचा सोयीचा अर्थ लावला. तो समुद्र म्हणजे भूमध्य. तिथल्या किनाऱ्यावर, कड्यांवर आणि खडकांत हे उगवतं; उन्हाळा कोरडा ठणठणीत, पाऊस पडतो तो थंडीत. खारा वारा त्याला तिथलाही चालतो, मिरामारचाही चालेल. आपला पाऊस मात्र चालत नाही. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत! लव पाणी धरून बसते, बुरशी चढते, मुळं गुदमरतात. मृग तोंडावर असताना हे रोप तुमच्या हातात द्यायलाच नको होतं. दिलं तर चार गोष्टी सांगायला हव्या होत्या. गर्दी होती, पण ती सबब झाली.

रोपं ‘मुळातच कुजकी’ होती, हे मात्र मान्य नाही. त्याच खेपेतली चार आमच्या पडवीत अजून उभी आहेत: पागोळ्यांपासून हातभर आत, साध्या मातीच्या कुंडीत, खाली बशी नाही. निम्मी माती, निम्मी जाडी रेती, मूठभर कुजलेलं शेणखत, तळाला फुटक्या कौलांचे तुकडे. बोट खुपसून दोन पेरं कोरडं लागलं तरच पाणी, तेही बुडाशी. आषाढात आठवडाभर पाण्याचा थेंब दिला नाही. तुमच्या फोटोत प्रत्येक कुंडीखाली काठोकाठ भरलेली बशी आहे, आणि आत नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. ते पावसाळ्यात वाळायचं नावच घेत नाही.

एक राहिलंच. मेलेली रोपं कुणाच्या गाई-शेळ्यांपुढे टाकली नाहीत ना? या झाडात जनावरांच्या यकृताला बाधणारं विष असतं. खड्ड्यात पुरा.

त्या मुलाला मी ओरडलो नाही. ते वाक्य त्याने माझ्याकडूनच उचललंय. पाटी बदलली आहे: ‘दिवाळी ते मे. पावसात छपराखाली.’ पैसे हवे असतील तर परत देतो, पावती नसली तरी चालेल. पण माझं ऐकाल तर दिवाळीनंतर या, सहा रोपं माझ्याकडून घेऊन जा. कठड्यावरचं ऊन त्यांना मानवेल. फक्त एप्रिल-मेमध्ये दुपारी थोडी सावली द्या. पिवळ्या फुलांच्या कळ्या दिसल्या की खुडा, नाहीतर झाड लांबडं होऊन खालून भुंडं पडतं.

आणि पावसाळ्यातच पांढरं हवं असेल तर मोठ्या कुंडीत भूतकेस लावा. आपल्याच डोंगरांतला आहे, पावसात खुलतो. त्यातलं पांढरं मात्र पान नव्हे, फुलाचं एक निदल (कळीला बाहेरून झाकणारं दल) मोठं झालेलं असतं. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुन्हा रंगाची तक्रार यायची.