शंभर शेंगदाण्यांची पावती

तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तिच्यात राग आहे, पण मुद्देही आहेत, त्यामुळे नुसते आभार मानून विषय मिटवणं मला बरं वाटलं नाही. परदेशातली कामं मिळवण्यासाठी लाच देणाऱ्या आणि कामगारांच्या सुरक्षेकडे काणाडोळा करणाऱ्या कंपन्यांवर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हात ओले करणं ही अनेक देशांतली रीतच आहे आणि मी पाश्चात्त्य नीतीचा चष्मा लावून तिला नावं ठेवते. देशोदेशींच्या कार्यसंस्कृतींची आकड्यांत तुलना करणारा डच अभ्यासक हॉफस्टीड मी वाचला असता तर हे लिहिलं नसतं. आणि कंपनीच्या प्रमुखाने धंद्यात निकाल दाखवायचे असतात, संत व्हायचं नसतं.

रीतीपासून सुरुवात करते. भेटवस्तूंसाठी उदाहरण म्हणून तुम्ही जपानचं नाव घेतलंत. तिथे उन्हाळ्यात ओचूगेन आणि वर्षाअखेरीस ओसेइबो देतात. त्यासाठी मोठ्या दुकानांत वेगळे काउंटर लागतात. खोक्यावर एक खास कागद असतो आणि त्यावर देणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. ही झाली रीत. आता लॉकहीडचं प्रकरण आठवा. विमानं विकण्यासाठी त्या अमेरिकन कंपनीने जपानमध्ये जे पैसे वाटले, त्यांच्या पावत्यांवर 'शंभर शेंगदाणे मिळाले' अशा अर्थाचा मजकूर होता. एक शेंगदाणा म्हणजे दहा लाख येन. हा प्रकार 1976 मध्ये बाहेर आला तेव्हा जपानी जनता खवळून उठली, माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांना अटक झाली आणि 1983 मध्ये ते दोषी ठरले. एकीकडे खोक्यावर देणाऱ्याचं नाव आणि दुसरीकडे पावतीवर शेंगदाणे. हा फरक जपानी माणसाला कुणी पाश्चात्त्याने येऊन शिकवला नव्हता.

आणि लाच ही नेमकी कुणाची संस्कृती? परदेशी अधिकाऱ्याला दिलेली लाच 1999 पर्यंत जर्मनीत करपात्र उत्पन्नातून खर्च म्हणून वजा करता येत असे. डिसेंबर 2008 मध्ये सीमेन्स या जर्मन कंपनीने लाचखोरीबद्दलची अमेरिका आणि जर्मनीतली प्रकरणं मिटवली, तेव्हा एकूण दंड आणि परतफेड साधारण 160 कोटी डॉलर झाली. अमेरिकी तक्रारीत 4,283 देयकं मोजली आहेत, एकूण सुमारे 140 कोटी डॉलरची. त्या कागदपत्रांतला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. मंजुरीची सही मूळ कागदावर न करता पिवळ्या चिकटचिठ्ठीवर करायची आणि ती चिठ्ठी त्या कागदाला चिकटवायची. उद्या चौकशी आलीच तर चिठ्ठी काढून टाकायची, की कागद कोरा. आपण चूक करतोय याची लख्ख जाणीव असलेल्या माणसांचं हे काम आहे. पैसे घेणारे देश अनेक होते, पण चिठ्ठी चिकटवणारा हात मुख्यालयाच्या बाजूचा होता.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे आणि माझ्या लेखात ती बाजू आलीच नव्हती. नीतीच्या नावाखालीही दुसऱ्यावर कुरघोडी होते. वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने जर्मनीत अमेरिकी आचारसंहिता जशीच्या तशी नेली. सहकाऱ्यांमधल्या प्रेमसंबंधांवर बंधनं आणि एकमेकांच्या तक्रारी कळवायला फोनलाइन. कर्मचाऱ्यांच्या प्रातिनिधिक मंडळाला विचारलं नाही, जे तिथल्या कायद्याप्रमाणे आवश्यक होतं. 2005 मध्ये वुपर्टालच्या कामगार न्यायालयाने त्यातली कलमं फेटाळली आणि 2006 मध्ये कंपनीने जर्मनीतली 85 दुकानं विकून काढता पाय घेतला. माघारीची कारणं इतरही होती. पण 'आमची नीती तीच खरी' या भूमिकेतून काय होतं, ते इथे दिसतं. 'जागतिक कंपनीने सगळीकडे एकच संहिता लावावी' हे माझं वाक्य चुकीचं होतं. ते मी काढून टाकते आहे.

हॉफस्टीड मी वाचला आहे. 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्या हा त्याचा पाया. त्यातून देशांची सरासरी निघते. ती समोरच्या एका माणसाला लावू नका, असं खुद्द हॉफस्टीडने बजावलं आहे. अमुक देशात साहेबासमोर कुणी बोलत नाही, हे त्या आकड्यांवरून मानलं, तरी 'म्हणून त्यांना विचारायची गरज नाही' हा निष्कर्ष त्यातून कसा निघतो?

हे मी इतक्या पोटतिडकीने का लिहिते, ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी खरेदीदार कंपनीच्या वतीने मी एका परदेशी कारखान्याच्या तपासणीला गेले होते. हजेरीचं रजिस्टर समोर आलं. तीन महिन्यांच्या नोंदी एकाच निळ्या शाईत, एकाच अक्षरात. कुठे खाडाखोड नाही, पानाचा कोपरा दुमडलेला नाही. रोज शंभर बोटं लागलेलं रजिस्टर असं दिसत नाही. व्यवस्थापकाला विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मॅडम, कापडाचा रंग तुमच्या ऑफिसने बदलला. माल पाठवायची तारीख नाही बदलली." खरं रजिस्टर दुसरीकडे होतं, रात्री अकरापर्यंतच्या नोंदींचं. आमच्या अहवालात कारणाच्या रकान्यात लिहिलं गेलं: 'स्थानिक कार्यसंस्कृती'. त्या अहवालावर माझीही सही आहे.

त्यानंतर राणा प्लाझाबद्दल वाचलं आणि झोप उडाली. ढाक्याजवळ सावारमधली आठ मजली इमारत. 23 एप्रिल 2013 ला भिंतींना भेगा पडल्या. खालच्या मजल्यांवरच्या बँकेने शाखा बंद ठेवली, दुकानंही बंद राहिली. वरच्या मजल्यांवर शिवणकाम करणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, नाही आलात तर पगार कापू असं धमकावून. 24 तारखेला सकाळी इमारत कोसळली आणि 1,134 माणसं गेली. इमारत तीच, देश तोच, भाषा तीच. बँकेचा कारकून वाचला आणि शिवणकाम करणारी मुलगी गेली, याचं उत्तर तिथल्या संस्कृतीत सापडत नाही. वरच्या मजल्यांवर परदेशी ऑर्डरी होत्या आणि 'आज येत नाही' म्हणण्याची ताकद त्या मुलीकडे नव्हती. पुढच्याच महिन्यात ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात इमारत-सुरक्षेचा कायद्याने बंधनकारक करार झाला. स्वतंत्र तपासणी आणि दुरुस्तीची जबाबदारी त्यात लिहिली गेली. म्हणजे हे करता येत होतं.

आता निकालांबद्दल. हा तुमचा सगळ्यात प्रामाणिक प्रश्न आहे: आपण पैसे नाही दिले आणि प्रतिस्पर्ध्याने दिले, तर? लॉकहीडनंतर अमेरिकेने 1977 मध्ये परदेशी लाचेविरुद्ध कायदा केला, तेव्हा तिथल्या उद्योगांनी वर्षानुवर्षं हेच गाऱ्हाणं मांडलं. ते खोटं नव्हतं. त्यांनी इतर देशांकडेही तसाच कायदा मागितला आणि वीस वर्षांनी, 1997 मध्ये, ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेचा लाचविरोधी करार झाला. ब्रिटनचा 2010 चा कायदा तर अमेरिकी कायद्यात चालणारी चिरीमिरीसुद्धा चालू देत नाही. सीमेन्समध्ये साफसफाई करायला बाहेरून आणलेल्या पीटर लोशर यांना 2013 मध्ये नफ्याचं लक्ष्य हुकल्यावर जावं लागलं, हेही मी लपवत नाही. ऑर्डर जाते. कधी खुर्चीही जाते.

पण प्रमुखाच्या हातात ऑर्डर सोडण्यापलीकडेही बरंच असतं. रंग बदलताना तारीख किती पुढे ढकलायची, हे त्या व्यवस्थापकाला फोन करून विचारणारं आमच्या कंपनीत कुणीच नव्हतं. त्यासाठी ना जपानी समजावं लागतं, ना बंगाली. नंतर मी माझ्या विभागात तो फोन सक्तीचा केला. पहिल्या वेळी पलीकडून उत्तर आलं, "नऊ दिवस." आम्ही सात दिले.