'ऑल्ड लँग साइन'ची चाल बर्न्सची नाही, आणि भूपही नाही

खडकवासल्याच्या एनडीएत दीक्षान्त संचलनाच्या शेवटी छात्र संथ पावलांनी बाहेर पडतात, तेव्हा बँडवर 'ऑल्ड लँग साइन' या स्कॉटिश गाण्याची चाल वाजते. ही चाल स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने 1788 मध्ये निरोपासाठी बांधली आणि ती मुळात भूप रागातली आहे, असं ठामपणे सांगितलं जातं. यात टिकण्यासारखं फार थोडं आहे.

1788 हे साल शब्दांचं. त्या डिसेंबरात बर्न्सने मिसेस डनलॉप या मैत्रिणीला पत्रातून कडवी पाठवली. शब्दही सगळे त्याचे नव्हेत; गाण्याची पहिली ओळ जेम्स वॉटसनच्या 1711 च्या संग्रहात आधीच सापडते. 1796 मध्ये जेम्स जॉन्सनने आपल्या गीतसंग्रहात हे गाणं छापलं ते वेगळ्याच चालीवर. आजची चाल या शब्दांना जोडून छापली 1799 मध्ये, जॉर्ज थॉमसनने. बर्न्स तर जुलै 1796 मध्येच वारला होता.

मग चाल कुठली? नाचाची. एडिनबराच्या रॉबर्ट ब्रेमनरने 1760 च्या आसपास छापलेल्या फिडलच्या (व्हायोलिनच्या) रील, म्हणजे नाचाच्या चालींच्या, संग्रहात 'द मिलर्स वेडिंग' आहे. आजच्या चालीचं मूळ तेच. ती विल्यम शील्डच्या 'रोझिना' या ऑपेरातून आली असंही काही जण म्हणतात, पण तो ऑपेरा 1782 चा, म्हणजे ब्रेमनरनंतरचा.

'द मिलर्स वेडिंग' हा स्ट्रॅथस्पे, म्हणजे चार मात्रांचा ठसकेबाज नाच. एका मात्रेचे चार भाग करा: एक स्वर तीन भागांचा, दुसरा एका भागाचा. मधूनच हा क्रम उलटतो, छोटा स्वर आधी येतो, आणि तिथेच ठसका बसतो. दोन्ही स्वर सारखे वाजवले की नाच हरवतो. छोट्या स्वराला गज जास्त खर्च केला तरी तेच होतं, कारण पुढच्या लांब स्वराला जोर उरत नाही. संथपणा नंतर गाण्यासोबत आला.

भूपचा दावा ऐकायला गोड आहे. स्वर खरोखर पाचच: सा रे ग प ध. सा म्हणजे जी धरला तर फिडलवर मंद्र प ही मोकळी डी तार, आणि अख्खी चाल पहिल्या पोझिशनमध्ये, म्हणजे हात न सरकवता, बसते. पण एवढ्यावर राग ठरत नाही. भूप आणि देशकार या दोन्ही रागांचे स्वर हेच आहेत, तरी भूपचा वादी (मुख्य स्वर) ग आणि देशकारचा ध. इथे पहिली ओळ 'प़ सा सा सा ग, रे सा रे ग, सा सा ग प, ध' अशी चढून ध वर थांबते, आणि त्या ध खाली साथीला बहुधा म-ध-सा हा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, असतो. पुढे पंचमाच्या कॉर्डात शुद्ध नी येतो. भूपात वर्ज्य असलेले दोन्ही स्वर साथीत हजर, आणि चालीचा तोल त्यांच्यावरच उभा आहे.