नर्सिंगवरून थेट एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला? पंधरा हजार भरण्याआधी

गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन चार वर्षं झाली, आता एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत असते. नाईट ड्युटी संपवून घरी पोचली होती, आवाजात झोप. “मॅडम, पंधरा हजार भरू का?” कशाचे, ते तिने पाठवलेल्या मेसेजमध्ये होतं. तो एव्हाना बहुतेक सिस्टरांच्या ग्रुपवर फिरून गेला असेल: सरकारने नर्सेससाठी ब्रिज कोर्स काढलाय. 3 वर्षांचा अनुभव असेल तर ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा न देता थेट एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. वयोमर्यादा 30. सरकारी सिस्टरना राखीव जागा. नोकरी सांभाळून शिका. नोंदणी फी 15,000 रुपये.

एकेक घेऊ.

ब्रिज कोर्स. हा शब्द खरा आहे, म्हणून तर माणसं फसतात. नर्सेससाठी सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स खरंच आहे. तो केला की उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करता येतं. गावात त्या सिस्टरला लोक बिनदिक्कत ‘डॉक्टर’ म्हणतात, पण तो एमबीबीएसचा जिना नव्हे. दुसरा घोळ होमिओपॅथीचा. आपल्या राज्यात होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स आहे, त्यावरून बरीच भांडणं झाली. त्यातूनही कुणी एमबीबीएस होत नाही. दोन्हीची खिचडी करून हा मेसेज शिजवलेला दिसतो.

थेट दुसरं वर्ष. इंजिनिअरिंगला डिप्लोमावाले दुसऱ्या वर्षाला जातात, तसं इथे असेल असं वाटणं साहजिक आहे. पण भारतात एमबीबीएसला मधून प्रवेश नाही. नर्स असो, फिजिओथेरपिस्ट असो, नाहीतर दहा वर्षं आयसीयू सांभाळलेली इन्चार्ज सिस्टर. सुरुवात नीटपासून, मग साडेचार वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप. ‘अ‍ॅनाटॉमी झालीय की आमची’ हेही मी ऐकते. झालीय, पण प्रेतावर विच्छेदन करून नाही झालेली.

नीटबद्दल थोडं थांबून बोलते, कारण खरी अडचण तिथे आहे. 180 प्रश्न, 720 गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. बायोलॉजीचे 90 प्रश्न आपल्या मुलींना फारसे घाबरवत नाहीत. गाडी अडते फिजिक्सच्या 45 प्रश्नांवर. माझी ही विद्यार्थिनी 500 एमएल सलाईन आठ तासांत द्यायचं म्हटलं की एमएलला वीस थेंब पाडणाऱ्या सेटला मिनिटाला 21 थेंब हा हिशेब तोंडी करते आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत नळीवरचा रोलर नेमका तिथे आणून सोडते. उतरणीवरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं गणित दिलं की मात्र गप्प. (परीक्षेला घड्याळ नेऊ देत नाहीत, तेही एक.) वॉर्डातला अनुभव पुढे क्लिनिकल पोस्टिंगला सोन्यासारखा कामी येईल, पण नीटमध्ये त्याला अर्धा गुणही नाही. 2025 मध्ये सुमारे 22 लाख मुलं या परीक्षेला बसली.

वयोमर्यादा 30. हे निव्वळ जुनं. पूर्वी खुल्या गटाला 25 आणि राखीव गटाला 30 अशी मर्यादा घातली होती, वाद कोर्टापर्यंत गेला. वैद्यकीय शिक्षणाचे नियम करणाऱ्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ती काढून टाकली आणि मार्च 2022 मध्ये तसं जाहीर झालं. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 पूर्ण हवीत, एवढंच. म्हणजे हा मेसेज खोटं दार दाखवतो आणि खरं उघडलेलं दार लपवतो. मला जास्त राग याचा आला.

तसंच दुसरं एक दार. जीएनएमला बारावी कला शाखेतून प्रवेश मिळतो, आणि आपल्या कितीतरी मुली तशाच आलेल्या असतात. फोन करणारी ही पण. पूर्वी त्यांचा नीटचा विषयच संपायचा. नोव्हेंबर 2023 पासून फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हे विषय बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डाकडून जादा विषय म्हणून देऊन नीटला बसता येतं. काम सोपं नाही, पण चालतं.

राखीव जागा. राज्याच्या एमबीबीएस प्रवेशात जातीच्या आरक्षणाशिवाय दिव्यांग, संरक्षण दलातल्यांची मुलं, डोंगरी भाग, अनाथ असे रकाने आहेत. सिस्टर असा रकाना नाही.

नोकरी सांभाळून? थिअरीला 75 टक्के, प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी लागते. नाईट करून सकाळी डिसेक्शन हॉलमध्ये उभं राहणं एखाद महिना जमेल. घरात पगार तिचाच असेल, तर साडेपाच वर्षांचा हिशेब आधी मांडावा लागतो.

मेसेजच्या शेपटीला परदेशाचंही गाजर होतं: तिथल्या एमबीबीएसच्या कोर्समध्ये नर्सला दोन वर्षांची सूट. आयोगाच्या 2021 च्या नियमांप्रमाणे परदेशातला कोर्स किमान 54 महिन्यांचा हवा, वर नीट पात्रताही हवी. सूट घेऊन आणलेली पदवी इथे भिंतीवर लावण्यापुरती.

हे सगळं फोनवर सांगितलं. नीटचा फॉर्म 2025 मध्ये खुल्या गटाला 1,700 रुपयांत भरता येत होता, हेही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “मॅडम, अकरावीचं फिजिक्स मराठीतून मिळतं का?” मिळतं म्हटलं. नीटचा पेपरही मराठीतून देता येतो. “बघते,” म्हणाली, “आधी झोपते.”