पाइपलाइन कोणी फोडली? मठ्ठा संपायच्या आत ओळखा

मागच्या रविवारी एका मुंजीत शेजारच्या पानावरच्या काकांनी नॉर्ड स्ट्रीमच्या, म्हणजे बाल्टिक समुद्राखालून रशियाचा गॅस जर्मनीला नेणाऱ्या पाइपलाइनच्या, स्फोटांचा छडा लावला. कोशिंबीर म्हणजे बाल्टिक समुद्र, लिंबाची फोड म्हणजे स्फोटांजवळचं बॉर्नहोम बेट, जिलबी म्हणजे जर्मनी. "फायदा कोणाचा झाला ते बघा, झालं!" असं म्हणून त्यांनी जर्मनी मठ्ठ्यात बुडवून खाल्ला. ही विद्या तुम्हालाही यावी म्हणून पाच सूचना.

गुन्हेगार आधी ठरवा, पुरावे वाढपी आणतो.

तारखांच्या नादी लागू नका. स्फोट झाले 26 सप्टेंबर 2022 ला. त्याआधीच सप्टेंबरच्या सुरुवातीला रशियाने टर्बाइनचं कारण सांगून पाइपांच्या पहिल्या जोडीतला (नॉर्ड स्ट्रीम 1) गॅस बंद केला होता, आणि दुसऱ्या जोडीची (नॉर्ड स्ट्रीम 2) परवानगी जर्मनीने फेब्रुवारीतच अडवली होती. म्हणजे फुटले ते विक्री बंद असलेले पाइप. असं कोणी मध्येच म्हणालं, तर त्याला भात वाढायला सांगा.

आता मुख्य मंत्र: ज्याचा फायदा, त्याचा हात. अमेरिकेची एलएनजीची, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या गॅसची, जहाजं युरोपात वाढली, आणि बायडेन तर फेब्रुवारीतच म्हणाले होते की रशिया युक्रेनमध्ये घुसला तर नॉर्ड स्ट्रीम 2 राहणार नाही. सापडला! पण थांबा, नॉर्वे जर्मनीचा सगळ्यात मोठा गॅस पुरवठादार झाला. पोलंडने स्फोटांच्या दुसऱ्याच दिवशी नॉर्वेहून येणाऱ्या बाल्टिक पाइपचं उद्घाटन केलं. युक्रेनला वळसा घालून रशियाचा गॅस नेणारा रस्ता मोडला, म्हणजे युक्रेनचाही फायदा. रशियाला गॅस न दिल्याच्या भरपाईतून सुटायला सबब मिळाली, शिवाय चारातला एक पाइप शाबूत राहिला. या हिशेबाने आमच्या चौकातला इंडक्शन शेगडीवालाही आत जायला हवा. आजोबा गेल्यावर ज्याच्या नावावर जमीन झाली त्यानेच विष घातलं, असं धरलं तर गावंच्या गावं तुरुंगात जातील. काकांना स्वतःला वडिलांचा सदाशिव पेठेतला वाडा मिळाला. मी काही बोललो नाही.

आणि "भाव स्फोटामुळेच भडकले" हे छातीठोक सांगा. युरोपातला गॅस ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे स्फोटांच्या महिनाभर आधी, शिखरावर होता आणि डिसेंबर संपेस्तोवर निम्म्याहून खाली आला, हे कोण बघतंय?

तपासाचं नाव निघालं तर हसा. "एवढ्याशा बोटीतून?" असं विचारा.

हो, एवढ्याशा बोटीतून! रोस्टॉकहून भाड्याने घेतलेल्या शिडाच्या बोटीवर स्फोटकांचे अंश सापडले, असं जर्मन तपास म्हणतो. स्वीडन आणि डेन्मार्कने फेब्रुवारी 2024 मध्ये फायली बंद केल्या. डेन्मार्क म्हणालं, घातपात नक्की, पण आमच्याकडे खटल्यापुरता आधार नाही. ऑगस्ट 2025 मध्ये इटलीत एका युक्रेनियन माणसाला अटक झाली. दुसऱ्या संशयिताला जर्मनीकडे द्यायला पोलंडच्या कोर्टाने नकार दिला, आणि तिथले पंतप्रधान टुस्क म्हणाले की पाइपलाइन उडवली हा प्रश्नच नाही, ती बांधली हा प्रश्न आहे. त्याआधी, मार्च 2023 मध्ये, रशियाने सुरक्षा परिषदेत आंतरराष्ट्रीय चौकशीचा ठराव आणला. 15 पैकी 3 मतं मिळाली, 12 जण तटस्थ बसले. म्हणजे कोर्टात अजून काहीही सिद्ध झालेलं नाही, आणि ते सिद्ध व्हावं अशी घाईही फार जणांना नाही.

एवढं तरी वाचा की हो! चार वर्षं तोच एक फॉरवर्ड फिरवताय. त्याच 2022 साली महागडा एलएनजी परवडेना म्हणून बांगलादेशात तासन्‌तास वीज घालवली जात होती. त्यांचं काय झालं, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत? तुम्हाला फक्त आपला देश बरोबर आणि त्यांचा चोर, एवढंच ऐकायचं असतं. आणि काका, कोशिंबीर खायची नव्हती तर पानात घेतलीत कशाला?