ड्रॉ झाला म्हणून मुलांना रागावू नका
मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धेत हॉलच्या दाराशी पालक काय बोलतात ते एकदा ऐका. "एवढ्या कमी रेटिंगवाल्याशी ड्रॉ केलास?" आणि पलीकडे दुसऱ्या मुलाचे पालक, "नशीब, एवढ्या मोठ्या खेळाडूनं ड्रॉ तरी दिला!" तीन-साडेतीन तास डोकं फोडून मूल बाहेर येतं आणि त्याच्या हाती हे पडतं. मला याचं फार वाईट वाटतं.

आधी साधा हिशेब. रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा. 1600 रेटिंगची मुलगी 2000 वाल्याशी खेळते, तेव्हा फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, तक्त्याप्रमाणे तिच्याकडून 0.08 गुणाची अपेक्षा असते. तिनं ड्रॉ करून अर्धा गुण काढला. अठरा वर्षांखालच्या आणि 2300 च्या आतल्या खेळाडूंचा के-फॅक्टर, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त-कमी मिळालेल्या गुणाला ज्यानं गुणून रेटिंग बदलतात तो आकडा, 40 असतो; म्हणजे या एका ड्रॉनं तिचं रेटिंग जवळपास 17 नं वाढतं. याला नशीब कसं म्हणायचं?

मार्च 2004, आइसलंडमधल्या रेक्याविकची रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांची, स्पर्धा. एका बाजूला जगात पहिल्या क्रमांकाचा कास्पारोव्ह, समोर पुढे विश्वविजेता झालेला, पण तेव्हा तेरा वर्षांचा कार्लसन, ग्रँडमास्टरही न झालेला. रेटिंगमध्ये साडेतीनशेच्या आसपास फरक. पहिल्या डावात पोराकडे पांढरी मोहरी होती. त्यानं कास्पारोव्हला असं अडचणीत आणलं की शेवटी त्याच्याकडे एक प्यादं जास्त होतं. डाव बरोबरीत सुटला आणि सगळ्यांनी त्या मुलाचं कौतुक केलं, ते रास्तच. पण मला कास्पारोव्हचंही तेवढंच कौतुक वाटतं. प्यादं कमी, समोर कोवळं पोर, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर, अशा वेळी चिडून काहीतरी अचाट करून बसणं किती सोपं होतं! त्यानं चिवटपणे अर्धा गुण वाचवला, आणि पुढचा डाव जिंकून पुढच्या फेरीत गेला.

म्हणून जास्त रेटिंगच्या मुलालाही बोल लावू नका. वाईट पोझिशन धरून ठेवणं शिकायला वर्षं लागतात.

एका गोष्टीवर मात्र मुलांशी जरूर बोला. समोरचा मोठा खेळाडू अडचणीत आला की चाल करतो, हळूच ड्रॉ विचारतो, मग घड्याळ दाबतो. आपलं मूल पटावर न बघता चेस-रिझल्ट्स या स्पर्धांच्या निकालांच्या वेबसाइटवर दिसलेलं त्याचं रेटिंग आठवतं आणि ड्रॉ मान्य करून हात पुढे करतं. चाली लिहायच्या कागदावर, म्हणजे स्कोअरशीटवर, ड्रॉच्या ऑफरची '=' खूण असते. घरी गेल्यावर, पोटभर जेवण झाल्यावर, त्या चालीपर्यंतचा डाव पटावर लावा आणि विचारा, "इथे तुला काय दिसत होतं?"