दुखतंय म्हणजे कॅन्सर परत आला, असं नाही

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरला: ‘स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून सहा महिने झाले तरी दुखत असेल, तर रोग परत आलाच समजा. त्या बाजूचा हात हलवू नका. गरम पिशवीने शेका.’ मावशीने तो वाचला आणि दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. ऑपरेशनला दीड वर्ष झालंय. ब्लाउजचे हूक लावताना अजून काखेजवळ कळ येते.

‘परत आलाच समजा’ हे साफ चूक आहे. डेन्मार्कमध्ये ऑपरेशनला दोन-तीन वर्षं झालेल्या ३,२५३ बायकांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या ४७ टक्के जणींना तेव्हाही दुखत होतं. काखेतल्या गाठी काढताना दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी एक बारीक नस दुखावते, कधी कापलीही जाते. मावशी म्हणते, “दंड माझा वाटतच नाही, आणि पदर घासला की चटका बसतो.” हे त्या नसेचं दुखणं. रेडिएशनमुळे आतला भाग आवळून घट्ट होतो, तेही महिनोन्महिने दुखतं.

उलट, परत आलेली गाठ पुष्कळदा दुखतच नाही. म्हणून नुसत्या दुखण्यावर जाऊ नका. नवी गाठ, जाड झालेली किंवा आत ओढली गेलेली कातडी, न जाणारं पुरळ, स्तनाग्रातून स्राव, हाताला सूज, रोज वाढत जाणारं दुखणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. लाली आणि ताप एकदम आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शेक तर नकोच. तिथली कातडी बधिर असते, भाजलेलं कळतही नाही.

‘दुखणारच, सोसा’ असं मेसेजमध्ये नाही, पण घरोघरी बोललं जातं, त्याचा मला जास्त राग येतो. नसेच्या दुखण्यावर गॅबापेंटिनसारखी वेगळी औषधं असतात. ती डॉक्टरांकडे मागावीत, आणि दुखतंय कसं तेही नीट सांगावं: ठणकतं, जळतं की टोचतं.

राहिला हात. तो हलवला नाही तर खांदा आखडतो आणि दुखणं वाढतं. फिजिओथेरपिस्टने मावशीला भिंतीवर बोटांनी वर चढायला शिकवलं. स्वयंपाकघराच्या दाराशी तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. पहिली खूण खांद्याइतकी, परवाची पोह्यांच्या डब्याच्या फळीला लागलेली.