अंगठा लागून नाही राह्यला

माझा अंगठा लागत नाही, हे बँकेतल्या मुलीने इतक्या मोठ्याने सांगायची काही गरज नव्हती. "काका, तुमचा थंब येतच नाहीये!" झालं. रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. नोव्हेंबरात बँकेत पेन्शनरांची जत्रा भरते. त्यातल्या निम्म्यांना स्वतःचं टोकन पुकारलेलं ऐकू येत नाही, पण दुसऱ्याची फजिती मात्र बरोबर ऐकू येते.

प्रकरण हयातीच्या दाखल्याचं. दर नोव्हेंबरात आम्ही जिवंत असल्याचं सरकारला कळवावं लागतं, नाहीतर पेन्शन अडकते. २०१४ च्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' आलं आणि हे काम मशीनवर गेलं. आधार नंबर सांगायचा, काचेवर बोट ठेवायचं, नोंदीशी जुळलं की तुम्ही हयात. नाही जुळलं तर पडद्यावर लाल अक्षरं येतात आणि ती मुलगी तुमच्याकडे अशी बघते, जणू पेन्शनर घरी ठेवून तुम्ही नुसताच त्याचा अंगठा घेऊन आला आहात.

"मी समोर उभा आहे ना?" मी म्हटलं.

"हो काका, पण सिस्टम नाही घेत आहे."

ही मुलगी मला ओळखते. मागच्याच महिन्यात एफडी तिच्या हातून रिन्यू केली, तेव्हा "काका, काकूंचं नाव नॉमिनी ठेवू ना?" असं अगत्याने विचारलं होतं. म्हणजे मी मेल्यावर पैसे कुणाला द्यायचे हे तिला पक्कं ठाऊक, आत्ता जिवंत आहे की नाही तेवढंच ठरत नव्हतं. कागदी फॉर्म अजूनही चालतो, हेही मला माहीत होतं. तसं म्हणालो. "त्यावर सही करणारे साहेब सुट्टीवर आहेत." केव्हा येतील? "सांगता नाही येत, काका." बिचारी कंत्राटी होती. स्वतःची नोकरी मार्चनंतर हयात असेल की नाही हे जिला माहीत नाही, तिच्यावर किती ओरडणार?

तेवढ्यात मागून आवाज आला, "का झालं भाऊ? थंब नाही लागून राह्यला का?"

वळून पाहिलं तर माकडटोपी. बाहेर चांगलं चटचटीत ऊन, पण कॅलेंडरचं पान उलटलं की टोपी चढवायची, या पंथातला माणूस. एका हातात पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची फाइल, दुसऱ्या हातात पन्नीतला खर्रा, म्हणजे आमच्याकडचं तंबाखू-सुपारीचं मिश्रण, आणि बोलता बोलता तो घोटणं अखंड चालू. बँकेत खायला मनाई आहे, घोटायला कुठं आहे, हे त्याने मी न विचारता सांगितलं.

"हात द्या बरं इकडे."

मी दिला. का दिला, देव जाणे. आयुष्यभर आवक-जावकच्या टेबलावर बसलेला माणूस मी, समोरच्याने मागितलेली वस्तू पुढे करायची सवय असेल. त्याने माझा अंगठा उजेडाकडे धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि शेजारच्या दोघा-तिघांना बोलावलं.

"हे पाहा. सारं सपाट! कोणत्या खात्यात होते तुम्ही?"

सांगितलं.

"मंग बरोबर आहे. फायली उलटू उलटू रेघा गेल्या. कागद लय वाईट असते. आता माह्या पाहा." आणि तपकिरी डागांनी रंगलेला स्वतःचा अंगठा माझ्या नाकासमोर. "खर्रा! दिवसभर घोटतो. बोटाले व्यायाम होते. एका झटक्यात लागते."

"पण त्याने कॅन्सर..." मी म्हणालो.

"तो व्हाचा तवा होईन. थंब तर लागते नं आज."

या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोवर त्याच्या पिशवीतून सामान निघायला लागलं होतं: ओला नॅपकिन, व्हॅसलीनची डबी, अर्धं लिंबू. दरवर्षी आणतो म्हणाला, "कोणाले ना कोणाले लागतेच." आधी नॅपकिन, मग व्हॅसलीन, मग ते जास्त झालं म्हणून लिंबू. एक परका माणूस भर बँकेत, गांधीजींच्या फोटोखाली, माझा अंगठा तळहातात धरून पुऱ्यांच्या कणकेसारखा मळत होता. "ढिला सोडा. तुम्ही लय टाइट धरून राह्यले." रांगेतून सूचना आल्या. चुना लावा. फूंक मारा. "सरांना बसू द्या आधी," एक बाई म्हणाल्या. तेवढीच एक मला पटली.

पुन्हा काचेवर बोट. पुन्हा लाल.

"मागच्या वर्षी कसा लागला हो?" मी चिडून विचारलं.

"मागच्या वर्षी तुम्ही एक साल जवान होते."

वय वाढलं की कातडी कोरडी पडते, रेषा उथळ होतात, हे डॉक्टरही सांगतील. त्यात नागपूर. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की इथं अख्खा माणूस वाळतो, आणि नोव्हेंबरच्या कोरड्या वाऱ्यात उरलीसुरली बोटं फुटतात. नेमक्या त्याच महिन्यात अंगठे मागायचे! ऐंशी उलटलेल्यांना दाखला ऑक्टोबरपासून देता येतो, म्हणजे चोळायला एक महिना जास्त. नंदुरबारच्या टेंभलीत २०१० साली आधार सुरू झालं, त्यानंतर यथावकाश आम्हीही दहा बोटं आणि दोन बुबुळं सरकारजमा केली. ती नोंद तिथं तरुण राहिली. बोटं माझ्याजवळ आहेत, त्यांचं काय ते मी बघायचं.

मतदानाला हेच बोट कसं चालतं, हे मला कुणीतरी सांगावं. एप्रिल २०२४ ला उन्हात उभा राहिलो. ओळखपत्रावरचा फोटो बायकोनेही ओळखला नसता, पण अधिकाऱ्याने नाव वाचलं, तर्जनीला शाई लावली, संपलं. पंच्याऐंशीच्या पुढच्यांकडे तर मत घ्यायला घरी येतात. मत देण्यापुरते आम्ही बिनतक्रार जिवंत असतो. डिसेंबरात अधिवेशन भरलं की सिव्हिल लाइन्सला बॅरिकेड लागतील, मोर्चे येतील, ज्येष्ठांच्या सन्मानावर कुणीतरी बोलेल. बोलो बापा.

माकडटोपीलाही दुखणं होतंच. मुलगा सरकारी नोकरीत लागला तो २००६ साली. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून पुढं लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. २०२३ च्या मार्चातल्या संपात पोरगा होता, हा त्याला डबा पोचवायला जायचा. "तुम्ही अंगठ्यासाठी रडून राह्यले," तो म्हणाला, "माह्या पोराले कोणी अंगठा तरी मागन का?" आणि पहिल्यांदाच घोटायचं थांबला. माझी चिडचिड थोडी ओशाळली, पण गेली नाही.

शेवटी मुलीनेच मोबाइल काढला. चेहऱ्यावरूनही दाखला होतो, २०२१ पासून. हे पहिल्यांदाच सांगितलं असतं तर माझ्या अंगठ्याला लिंबाचा वास आला नसता.

"काका, डोळे मिचकवा."

मिचकवले.

"दोन्ही, काका."

रांग खदखदली. माकडटोपी मुलीच्या मागे उभा राहून मला स्वतः मिचकावून दाखवत होता, नाच शिकवणाऱ्या मास्तरासारखा जोर लावून. अखेर हिरवी खूण आली आणि कुणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या.

तरीही मी तक्रार लिहिली. चेहऱ्याची सोय आधी सांगत नाहीत, कागदी फॉर्मवर सही करायला माणूस ठेवत नाहीत, सगळं मुद्देसूद, दोन प्रतींत. शिपायाने वरून खालून पाहिली. "सोबत हयातीचा दाखला जोडा. पेन्शनरची तक्रार आहे नं."

जोडला. पोच मागितली. माझ्या टेबलावरून पोच न घेता कधी कुणी परत गेलेला नाही.

"पोच कायची? मोबाइलवर मेसेज येते."

आलेला नाही. दारातून निघताना माकडटोपी म्हणाला होता, "येईन, येईन. पण मोबाइल उघडाले थंब लागन, तो आतापासून चोळून ठेवा."